शिरीषाचं जळण

वटारला थंडी पडते असं मी म्हटलं की माझी मुलगी हसते. ती चंदनसारला सातव्या मजल्यावर राहते, तिथं डिसेंबरातही पंखा लागतो. पण आमच्या वाडीत मार्गशीर्ष लागला की पहाटे केळीच्या पानांवरून पाणी टपटपतं, विहिरीवर वाफ दिसते, आणि घरोघरच्या न्हाणीमागून बंबांचा धूर निघतो. हा धूर सरळ वर जात नाही. माडांच्या कमरेइतका चढतो आणि तिथंच आडवा पसरतो. गॅसचे गीझर आता सगळ्यांकडे आहेत, तरी जुनी माणसं थंडीत बंबच पेटवतात.

मीही पेटवते. गेले दोन हिवाळे माझ्या बंबात एकाच झाडाचं लाकूड जळतंय. यंदा त्याचे शेवटचे चार भारे उरले आहेत. हा धूर नाकाला लागला की ती थंडी आठवते, जेव्हा मी बासष्टाव्या वर्षी झाडं कापायची मशीन विकत घेतली.

जळणासाठी घेतली असं सगळ्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण जळण कुणाला पाहिजे होतं!

झाड शिरीषाचं होतं. आमच्या आणि नानांच्या वाडीमधल्या बांधावर उभं. नाना म्हणजे माझे चुलत दीर, ह्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. थंडीत शिरीषाची पानं झडत आणि वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत. लग्न होऊन आले तेव्हा मला तो आवाज आवडायचा. पुढं खोडाला वाळवी लागली. बुंध्यापाशी बोट घातलं तर भुसा सांडायचा. झाड आमच्या बाजूला कललं होतं आणि त्याच्या बरोबर खाली ह्यांच्या सोनचाफ्याच्या दोन ओळी होत्या.

दरवर्षी वैशाखात हे बांध ओलांडून नानांकडे जायचे. "नाना, या वर्षी उतरवून घेऊ. मी माणसं लावतो, तुम्ही फक्त हो म्हणा." परत आले की मी विचारायचे, काय म्हणाले? "म्हणाले, बघू." हे शांत स्वभावाचे. मला राग यायचा तो नानांचा जेवढा, तेवढाच ह्यांच्या त्या शांतपणाचा. नानांच्या मनात एकच होतं: शिरीष ही बांधाची खूण. खूण गेली की बांध सरकेल. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं वाळलेलं पान उचललं नाही, तो नानांचा बांध सरकवणार होता!

असं दहा वर्षं चाललं. मग एका श्रावणात, चार दिवसांच्या पावसानंतर उघडीप पडली. वारा नव्हता. सकाळी हे परडी घेऊन चाफा तोडायला गेले. फुलांचे पुडे दादरला जायचे होते. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. एक लांब कडकडाट झाला, आणि नंतर इतकी शांतता, की मी तांदळाचं ताट खाली ठेवतानाचा आवाज मला अजून आठवतो.

ते सगळं लिहीत नाही. लोकांनी फांद्या तोडून ह्यांना बाहेर काढलं. खोड तिथंच राहिलं.

तेरा दिवस नानी माझ्याजवळ होत्या. नानी म्हणजे नानांची बायको, माझी मोठी जाऊ. त्यांनी मला पेज भरवली, माझे केस विंचरले, रात्री माझ्या शेजारी चटई टाकली. नाना ओटीपर्यंत यायचे, पुरुषांत बसायचे, उठून जायचे. वाडीत, त्या जागेवर, एकदाही गेले नाहीत. चौदाव्या दिवशी मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सुमन, त्या झाडाचं करायला हवं. मी माणसं बघतो. बांधावरचं झाड आहे, लाकूड अर्धं तुझं, अर्धं माझं."

चौदा दिवस मी फारसं बोलले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला. "नाना, उभं होतं तेव्हा सगळं तुमचं होतं. पडल्यावर अर्धं माझं झालं?"

मी म्हटलं, "त्या खोडाला कुणी हात लावायचा नाही. ते मी कापणार."

त्या क्षणी मला काहीच ठाऊक नव्हतं, कशानं कापणार ते. कोयत्यानं नारळ सोलण्यापलीकडे माझी मजल नव्हती. पण शब्द तोंडातून गेला आणि मला बरं वाटलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा.

लोक म्हणतात, रागानं माणूस जळतो. माझ्या बाबतीत उलट झालं. रागानं मला उठवलं, आंघोळ घातली, जेवायला बसवलं. देवळात गेले, कीर्तनाला बसले, मुलीकडे पंधरा दिवस राहिले. कशानं काही झालं नाही. सकाळी डोळे उघडल्यावर काहीतरी करायचं असतं, ते या रागानं दिलं. मी तो जपला, विझू दिला नाही.

दिवाळीनंतर मुलीकडे गेले असताना तिला म्हटलं, मला झाडं कापायची मशीन घ्यायची आहे.

"आई, सीरियसली? माणसं मिळतात ना, एका दिवसात क्लिअर करतील."

"एका दिवसात नकोय मला."

तिनं चपला घातल्या. तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. बाहेर पाण्याचे पंप, निळे पाइप, फवारणीच्या टाक्या; आत भिंतीवर ओळीनं टांगलेल्या त्या मशिनी. लांब जीभ बाहेर काढलेल्या प्राण्यांसारख्या दिसत होत्या. दुकानाचे मालक आंतोनभाऊ, नंदाखालचे, माझ्याच वयाचे. गावी त्यांची नारळीची वाडी होती, त्यामुळे विकत होते ती प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतः वापरलेली.

"कोण चालवणार, बाय?" त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं.

हसले नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. त्यांनी स्टूल पुढं केलं आणि विचारलं, "कापायचं काय?"

"शिरीष. पडलेला. जळणासाठी."

"जाडी किती?"

मी सुतळीनं मोजून आणली होती. पिशवीतून सुतळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर सरळ करून टेपनं मोजली. वीस इंच. मला वाटलं होतं, सगळ्यांत मोठी मशीन घ्यावी. भिंतीवर बावीस इंची पट्टीची होती, तिच्याकडे बोट दाखवलं. आंतोनभाऊंनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. "धरा. पुढं, अशी. आता मी सांगेपर्यंत खाली ठेवायची नाही."

मनात वीस मोजेपर्यंत माझे दंड थरथरू लागले.

"काम पट्टीच्या लांबीनं होत नाही, बाय. अठरा इंची घ्या. एका बाजूनं अर्धं कापायचं, मग ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूनं. वेळ लागेल."

"वेळ लागू दे."

मग त्यांनी एक छोटी, नाजूक मशीन टेबलावर ठेवली. विजेवर चालणारी. बटण दाबलं की सुरू. दोरी ओढायची कटकट नाही, पेट्रोल नाही, धूर नाही. मुलीला ती लगेच आवडली. आंतोनभाऊंनी चालवून दाखवली. घरातल्या मिक्सरपेक्षा थोडा जास्त आवाज.

"घरची बाईमाणसं हीच नेतात. वाडीत तार न्यावी लागेल, पण आवाज कमी. शेजाऱ्यांना त्रास नाही."

"आवाज असलेली दाखवा," मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "आई!"

आंतोनभाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. पेट्रोलची, अठरा इंची, नारंगी रंगाची एक मशीन त्यांनी दुकानाबाहेर फरशीवर ठेवली, पायानं मूठ दाबून धरली आणि दोरी ओढली. दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं. माझ्या छातीत तो आवाज घुमला आणि मला नानांची दुपारची झोप आठवली. जेवण, सुपारी, आणि मग दोन ते साडेतीन, बांधाकडच्या खोलीत, पश्चिमेची खिडकी उघडी टाकून. चाळीस वर्षांत कधी न चुकलेली झोप.

"हीच," मी म्हटलं.

पण ते लगेच द्यायला तयार नव्हते. "आधी शिकायचं, मग न्यायची." म्हणून मी तीन रविवार नंदाखालला गेले. चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून ते यायचे, त्यांची बायको आम्हाला चहा द्यायची आणि पायरीवर बसून बघायची. पडक्या माडाच्या खोडावर मी शिकले. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं, साखळी किती ताठ ठेवायची, दात बोथट झाले की कानशीनं कसे घासायचे. पट्टीचं टोक लाकडाला लावायचं नाही, मशीन उलटून अंगावर येते. आणि ओंडका कधी माणसाला धरायला लावायचा नाही, लाकडी घोडीवर बांधायचा.

तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "झाड कुणावर पडलं?"

मी सांगितलं. कुणामुळे, तेही सांगितलं. त्यांनी कानस फडक्यानं पुसून ठेवली.

"रागात मशीन चालवू नका, बाय. रागात हात पुढं जातो."

"माझा राग धावणारा नाही, भाऊ. बसलेला आहे."

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता मी दोरी ओढली. ती मार्गशीर्षातली पहिलीच दुपार होती. ऊन मऊ होतं, बांधावर वालाच्या वेलाला जांभळी फुलं आली होती. मी फांद्यांपासून सुरुवात केली. भुसा उडून साडीवर, केसांत, चष्म्यावर बसत होता, आणि त्याचा वास गोडसर, थोडा कुबट. दहा मिनिटांनी बांधापलीकडची पश्चिमेची खिडकी बंद झाली.

ती खिडकी बंद होताना मला जो आनंद झाला, तो मी लपवत नाही. मशीन बंद करून मी खोडावर बसले आणि हसले. ह्यांच्या जाण्यानंतर पहिलं हसू.

मग ते रोजचंच झालं. दोन ते साडेतीन. रविवारीसुद्धा. एखाद्या दिवशी कापायला काही नसलं तरी मी मशीन नुसती चालवायचे. खोड कापू लागले तेव्हा आतून ते पोकळ निघालं. कडेला चार बोटं लाकूड, बाकी वाळवीची माती. एक चकती मी मुद्दाम जाड कापली, माती झटकली आणि बांधावर उभी करून ठेवली, नानांच्या ओटीच्या समोर. तिच्या भोकातून माझं डोकं आरामात आत गेलं असतं. सकाळी चहा पिताना त्यांना ती दिसली पाहिजे, दहा वर्षं ते काय राखत होते ते कळलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा. गावात लोक कुजबुजले. सरपंचांच्या घरातल्या कुणीतरी निरोप पाठवला, सुमनकाकूंना सांगा, पुरे करा. मी निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि दोन वाजता दोरी ओढली.

रोज खिडकी बंद व्हायची. मी मनात नानांना बघायचे: कूस बदलताना, उशी कानावर दाबताना, ह्यांचं नाव आठवताना. दीड महिना मी या चित्रावर जगले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नानी तिळगूळ घेऊन आल्या. थकलेल्या दिसल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वाटी परत घेताना त्या म्हणाल्या, "सुमन, एक सांगू? रागावू नकोस. तुझी ती मशीन सकाळी नाही का गं चालवता येणार? माझी अर्धशिशी तुला माहीत आहे. दुपारी घटकाभर पडले नाही, तर संध्याकाळपर्यंत डोकं फुटतं."

"आणि नाना?" मी विचारलं. माझा आवाज थोडा उत्सुकच होता.

"त्यांचं काय! ते जेवले की कानातली यंत्रं काढून डबीत ठेवतात आणि घोरायला लागतात. गेल्या वर्षापासून त्याशिवाय काही ऐकू येत नाही त्यांना. कुणाला सांगू देत नाहीत, लाज वाटते."

"पण खिडकी? ती तर रोज..."

"खिडकी मी लावते ना," नानी म्हणाल्या.

त्या गेल्या. मी वाटीतून सांडलेले तीळ बोटानं टिपत बसले. दीड महिना मी ज्या बाईला झोपू दिलं नव्हतं, तिनं तेरा दिवस माझ्या शेजारी चटई टाकली होती. आणि ज्याच्यासाठी मी हे आरंभलं, तो माणूस शांत घोरत होता. मला स्वतःची शरम वाटली. पण खरं सांगायचं तर शरमेपेक्षा राग मोठा होता. फसल्याचा राग. त्या दुपारी मशीन चालली नाही. पलीकडची खिडकी उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजून गेल्यावर मी बांध ओलांडला. चाळीस वर्षांत त्या बांधावरून हेच जायचे, मी कधी गेले नव्हते. नाना ओटीवर सुपारी कातरत होते. मला बघून अडकित्ता थांबला.

मी कानाकडे बोट केलं. "घाला."

त्यांना कळलं की मला कळलंय. तोंडावर रंग चढला. आत जाऊन डबी आणली, एक यंत्र बसवलं, मग दुसरं. मी थांबले. दोन्ही बसल्यावर म्हटलं, "नाना, हे दहा वर्षं तुम्हाला सांगत आले. तुम्ही ऐकलं नाहीत, तेव्हा तर कान चांगले होते. मी आता काही सांगणार नाही. माझ्याबरोबर वाडीत चला. ओंडके घोडीवर चढवायला आणि कापलेलं रचायला माणूस लागतं."

"मी? या वयात?"

"हे सत्तरीचे होते. फुलं तोडत होते."

आतून नानी दारापाशी आल्या होत्या. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढून नवऱ्याच्या हातात दिला.

ते आले. मी त्यांना मशीनपासून चार पावलांवर उभं केलं आणि दोरी ओढली. त्या आवाजानं त्यांचा सगळा चेहरा आवळला, हात कानाकडे गेले. मी मान हलवली. हात खाली आले. मी कापत होते आणि मधूनमधून त्यांच्याकडे बघत होते, आणि मला दया येत नव्हती. कापून झालेला एकेक तुकडा ते दोन्ही हातांनी उचलून छपराखाली नेत होते, माझ्या जळणाच्या राशीवर ठेवत होते, परत येत होते. धोतरावर भुसा, पायांवर भुसा. एकदाही म्हणाले नाहीत की पुरे. मीही म्हटलं नाही. सूर्य माडांच्या मागं गेला तेव्हा मशीन बंद केली.

"उद्या," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आले. त्याच्या पुढच्या दिवशीही आले.

खोडाचा मधला तुकडा मी शेवटपर्यंत ठेवला होता. माघ संपत आला होता. बाकी सगळं कापून, रचून झालं, आणि त्या एका ओंडक्यापाशी आम्ही दोघं उभे राहिलो. त्याच्याखाली चाफ्याची तीन रोपं अजून वाकलेली होती. नानांनी पहार हातात घेतली, पण लावली नाही.

"इथं?" त्यांनी विचारलं.

"इथं."

ते हळूच खाली बसले. जमिनीवर तळवा टेकवला. "दर वैशाखात यायचा. मला वाटायचं, बांध सरकवायचाय याला."

या क्षणासाठी मी सहा महिने वाक्यं जमवून ठेवली होती. धार लावून. तोंडाशी एकही आलं नाही. ते म्हातारं माणूस रडत होतं की भुसा गेला म्हणून डोळे पुसत होतं, ते मी बघितलं नाही. "पहार लावा," मी म्हटलं. त्यांनी पहार लावली. ओंडका घरंगळला. दबलेल्या रोपांपैकी एक पुन्हा थोडं वर आलं, दोन तशीच मोडून राहिली.

शिरीष कापून संपला, पण नाना येत राहिले. मागच्या हिवाळ्यात मी आंब्याच्या वाळल्या फांद्या उतरवल्या, पडलेले दोन माड कापले. सांगावं न लागता ते चारला हजर. आम्ही फारसं बोलत नाही. ते रचतात ती रास माझ्यापेक्षा नीट असते, हे मला कबूल करावं लागतं. नानींची दुपार शांत जाते. मी त्यांना गुडघ्यांसाठी तेल करून देते. त्या माझ्याकडून काही घेताना आता आधी माझ्या डोळ्यांत बघतात, मग घेतात.

आणि तरी. रोज पहाटे बंबात शिरीषाचा तुकडा सारताना मी त्याला नीट, कडेनं पेट घेईपर्यंत बघते. लाकूड जळतं तेव्हा मला समाधान मिळतं. ते समाधान चांगलं नाही, मला माहीत आहे. चांगली बाई एव्हाना विसरली असती, असं देवळातल्या बायका सुचवतात. मी त्यांना सांगते, चांगल्या बाईच्या नवऱ्यावर झाड पडलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात काम संपल्यावर नाना जायला उठले नाहीत. ओंडक्यावर बसून राहिले. संध्याकाळच्या बंबांचा धूर माडांत आडवा पसरला होता. समोर बघतच त्यांनी विचारलं,

"सुमन, गेलं का गं तुझ्या मनातून?"

मी साखळीतला भुसा ब्रशनं काढत होते. खोटं बोलता आलं असतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाशी बोलतातही लोक.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेच ऐकायचं होतं. टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. बांधापर्यंत गेले आणि वळले.

"मग उद्या चारला येतो."

"साडेतीनला या," मी म्हटलं. "दिवस लहान झालेत."